परदेशातलं एक सत्र: हाती काय लागतं आणि काय निसटतं

१९२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी बोटीने फ्रान्सला निघाले. कल्पना रेमंड कर्कब्राइड या तिथल्या प्राध्यापकाची होती. पदवीचं तिसरं वर्ष फ्रान्समध्ये करायचं, परत यायचं आणि शेवटचं वर्ष आपल्याच विद्यापीठात पूर्ण करायचं. पदवीच्या मधलं एक वर्ष परदेशात काढण्याची पद्धत तिथून रुजली. निघण्याआधीच तीन गोष्टी ठरल्या होत्या. पॅरिसला जाण्यापूर्वी नान्सी शहरात भाषेची कसून तयारी करायची, राहायचं फ्रेंच कुटुंबांत, आणि तिकडचा अभ्यास इकडच्या पदवीत धरला जाणार.

शंभर वर्षं उलटली तरी मेख या तीन गोष्टींतच आहे. परदेशी शिक्षणाची माहितीपत्रकं आत्मविश्वास, मोठा दृष्टिकोन, नोकरीच्या संधी असं बरंच काही देऊ करतात. त्यात खोटं काही नसतं, फक्त हे सगळं कशामुळे घडतं ते लिहिलेलं नसतं. कारण ठाऊक असेल तर सत्राची आखणी तशी करता येते. नसेल तर पाच महिने मजेत जातात, पदरात मात्र फार काही पडत नाही.

परदेशात शिकण्याचे ढोबळ प्रकार दोन. एक, पूर्ण पदवीच तिकडे घ्यायची. दुसरा, पदवी आपल्या विद्यापीठाची, पण त्यातलं एखादं सत्र किंवा वर्ष परदेशी विद्यापीठात. इथे दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलू. त्यातही एक फरक आधीच विचारून घ्यावा. दोन विद्यापीठांत विनिमय करार असेल तर शिक्षण शुल्क सहसा आपल्याच विद्यापीठात भरायचं असतं आणि यजमान विद्यापीठ ते वेगळं मागत नाही. करार नसताना स्वतः अर्ज करून गेलात तर यजमानाचं पूर्ण शुल्क तुमच्या गळ्यात पडतं. वर्ग तोच, बाकही तोच, खर्चात मात्र कित्येक पटींचा फरक.

क्रेडिट म्हणजे नेमके किती तास

सगळ्यात जास्त विद्यार्थी अडखळतात ते इथे, म्हणून जरा सावकाश पाहू.

युरोपात १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना दुसऱ्या युरोपीय देशात काही काळ शिकायला पाठवणारी एरास्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले आणि लगेच प्रश्न उभा राहिला: तिकडचा विषय इकडे कितीचा धरायचा? त्यावर १९८९ मध्ये एक सामाईक माप आलं, ते म्हणजे ईसीटीएस. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, म्हणून सत्राचे ३०. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तासांचे श्रम. 'एकूण' या शब्दाकडे नीट पाहा. वर्गातले तास, वाचन, निबंध, प्रयोग, परीक्षेची तयारी, सगळं त्यात येतं.

उदाहरण घेऊ. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १५० ते १८० तास. त्याचे वर्ग आठवड्याला चार तास आणि सत्र चौदा आठवड्यांचं असेल, तर वर्गात जातात ५६ तास. उरलेले शंभराच्या आसपास तास वेळापत्रकावर कुठेच दिसत नाहीत. रोज पाच-सहा तास वर्गात बसायची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे वेळापत्रक रिकामं वाटतं. तो फिरायला मोकळा होतो, आणि दहाव्या आठवड्यात तीन निबंध, एक सादरीकरण आणि चारशे पानांचं वाचन एकदम अंगावर येतं. परदेशी सत्रात नापास होण्याचं हे फार साधं आणि फार नेहमीचं कारण आहे.

प्रत्येक देशाचं मापही वेगळं. अमेरिकेत सत्राला साधारण १५ क्रेडिट आणि चार वर्षांच्या पदवीला १२० च्या आसपास. ब्रिटनमध्ये एका वर्षालाच १२०, म्हणजे सत्राला ६०. त्यामुळे ढोबळमानाने एक अमेरिकी क्रेडिट म्हणजे दोन ईसीटीएस, आणि दोन ब्रिटिश क्रेडिट म्हणजे एक ईसीटीएस. '१५ क्रेडिट' हा आकडा एके ठिकाणी पूर्ण सत्र, दुसरीकडे अर्धं आणि तिसरीकडे पाव सत्र ठरतो. अर्जात हा गोंधळ झाला तर एक तर भार झेपत नाही, नाहीतर परत आल्यावर पदवीला क्रेडिट कमी पडतात आणि एक सत्र वाढतं.

हे टाळण्यासाठी जो कागद असतो त्याला लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात तिकडे घ्यायचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इकडच्या पदवीतलं काय भागलं असं धरायचं ते. सह्या तीन: विद्यार्थी, मूळ विद्यापीठ, यजमान विद्यापीठ. तिन्ही सह्या झाल्याशिवाय तिकीट काढू नये. प्राध्यापक तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले याला दप्तरी काही अर्थ नसतो, आणि तुम्ही परत येईपर्यंत ते प्राध्यापक त्या जबाबदारीवर असतीलच असं नाही.

सह्या झाल्या तरी यादी जशीच्या तशी टिकत नाही. संकेतस्थळावर दिसणारे विषय बरेचदा मागच्या वर्षीचे असतात. तिथे पोचल्यावर कळतं की एक विषय या सत्रात नाहीच, दुसऱ्याच्या जागा भरल्या, तिसरा आणि चौथा एकाच वेळी आहेत, पाचव्याला आधी केलेला अमुक विषय लागतो. म्हणून पाच विषय हवे असतील तर सात-आठ विषयांना मंजुरी घेऊन ठेवावी. बदल करावाच लागला तर तो पहिल्या काही आठवड्यांतच करून त्या बदलावरही सह्या घ्याव्यात. एरास्मसच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी सत्र सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांची मुदत धरलेली आहे. मुदतीनंतर बदललेला विषय म्हणजे शिकलेला पण न मोजलेला विषय.

विषय जुळवताना नावावर जाऊ नका. 'संख्याशास्त्र २' या नावाखाली एका विद्यापीठात प्रतिगमन विश्लेषण शिकवतात, दुसऱ्यात संभाव्यतेचा शुद्ध सिद्धांत. विषयाच्या माहितीपत्रात शिकून झाल्यावर काय येईल हे लिहिलेलं असतं, ते जुळवा. आणि ते पत्र त्याच वर्षीचं, तारखेसकट, पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. सहा महिन्यांनी पान बदललेलं असतं आणि विभागप्रमुख नेमकं तेच मागतात.

एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या बाजूची आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. १९९७ मध्ये लिस्बनमध्ये झालेल्या मान्यता कराराप्रमाणे, करारात सामील असलेल्या देशांत बाहेरच्या शिक्षणाला मान्यता नाकारायची असेल तर दोन्हींत मोठा फरक आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर असते. 'आमच्या अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळत नाही' एवढं कारण पुरत नाही. युनेस्कोचा याच धर्तीवरचा जागतिक करार २०१९ मध्ये संमत झाला आणि २०२३ च्या मार्चपासून लागू आहे. अर्थात विभागाच्या खिडकीवर करार दाखवून वाद घालण्यापेक्षा आधीच सही घेतलेली बरी.

गुण बदलतात तेव्हा

क्रेडिट आले तरी गुणांचं काय? फ्रान्समध्ये २० पैकी गुण आणि १० ला उत्तीर्ण. इटलीत ३० पैकी, १८ ला उत्तीर्ण. जर्मनीत उलटा प्रकार: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. डेन्मार्कची सध्याची सात पायऱ्यांची श्रेणी उणे ३ पासून सुरू होऊन १२ वर थांबते.

एका मापातून दुसऱ्यात जायला जर्मनीत बव्हेरियन सूत्र म्हणून ओळखलं जाणारं सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. ब्रिटनमध्ये एखाद्याला ७० गुण मिळाले असं धरा. सर्वोच्च १००, उत्तीर्ण ४०. शंभरातून सत्तर गेले तीस, भागिले साठ म्हणजे अर्धा, गुणिले तीन दीड, अधिक एक. उत्तर २.५. आता ब्रिटनमध्ये ७० म्हणजे पहिला वर्ग, ८० च्या वर तिथे क्वचितच कोणी जातं. जर्मन कागदावर तोच विद्यार्थी 'चांगला' या श्रेणीच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन बसला. गणित बरोबर, न्याय मात्र झाला नाही. कारण सूत्र असं धरून चालतं की शंभरापर्यंतचे सगळे गुण सगळीकडे सारख्याच हाताने वाटले जातात.

यावर उपाय म्हणून ईसीटीएसमध्ये गुणवाटपाचे तक्ते देतात. त्या विभागात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणते गुण मिळतात ते त्यात दिसतं, आणि तुमची जागा वर्गातल्या क्रमावरून ठरते. काही विद्यापीठं परदेशातले गुण सरासरीत धरतच नाहीत, फक्त 'उत्तीर्ण' नोंदवतात. काही धरतात. यांपैकी आपल्याकडे काय चालतं ते जाण्याआधी लेखी विचारून घ्या, कारण विषय निवडण्याची सगळी नीती त्यावर बदलते. फक्त उत्तीर्ण नोंद होणार असेल तर अवघड विषयाला हात घालायला हरकत नाही. गुण सरासरीत जाणार असतील तर पाचांपैकी पाचही अवघड विषय घेणं म्हणजे धोंडा पायावर पाडून घेणं.

जे घरी शिकायला मिळत नाही ते

क्रेडिट सहज जुळावेत म्हणून बरेच जण तिकडे जाऊन इकडचेच विषय घेतात. ही मोठी चूक आहे, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. ज्यावर पुढचे विषय उभे आहेत असे पायाचे विषय घरीच करावेत. परदेशी सत्र ठेवावं ऐच्छिक विषयांसाठी, आणि त्यातही त्या जागेशिवाय जे शिकताच येत नाही त्यासाठी.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, उत्तर ध्रुवाजवळ ७८ अक्षांशांवर, लाँगइयरब्येन नावाची वस्ती आहे. तिथे १९९३ पासून एक विद्यापीठ केंद्र चालतं. विषय मोजके: ध्रुवीय जीवशास्त्र, भूविज्ञान, भूभौतिकी, तंत्रज्ञान. बाहेर क्षेत्रकामाला जाण्याआधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि त्यात ध्रुवीय अस्वलापासून बचावासाठी बंदूक हाताळणंही येतं. हिमनदीचा अभ्यास पुस्तकातून होतो, पण हिमनदीवर उभं राहून गाभ्याचा नमुना काढणं वर्गात बसून कसं जमणार? इतकं टोकाला जायलाच हवं असं नाही. नेदरलँड्समध्ये पाणी-व्यवस्थापन किंवा जपानमध्ये भूकंप-अभियांत्रिकी शिकण्यालाही हेच कारण पुरेसं आहे. तिथे तो विषय रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्यामुळे शिकवणारे, प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष बांधकामं एकाच ठिकाणी सापडतात.

विषय तोच असला तरी शिकवण्याची रीत बदलली की तो वेगळा दिसतो. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त आणि डेन्मार्कमधल्या ऑल्बोर विद्यापीठांनी १९७० च्या दशकापासून प्रश्नाधारित शिक्षणाची पद्धत चालवली आहे. आधी व्याख्यान आणि मग प्रश्न, असा क्रम नाही. छोट्या गटासमोर प्रश्न ठेवतात. यातलं आपल्याला काय माहीत आहे, काय नाही आणि ते कुठून शोधायचं हे गट ठरवतो, मग जो तो वाचून येतो. गप्प बसून टिपणं काढणाऱ्याची इथे पंचाईत होते. इटलीत बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, त्याही इतर विद्यार्थ्यांसमोर. मिळालेले गुण मान्य नसतील तर ते नाकारून पुन्हा बसण्याची मुभाही तिथे बरेचदा असते. जर्मन वेळापत्रकात तासापुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर दहाचा वर्ग सव्वादहाला सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला दहा. असल्या बारीक गोष्टी कोणी सांगत नाही, कारण तिथल्यांना त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत.

संदर्भ देण्याच्या बाबतीत मात्र आधीच सावध व्हा. दुसऱ्याचं वाक्य थोडं फिरवून, स्रोत न देता लिहिणं काही ठिकाणी चालून जातं. दुसरीकडे ती वाङ्मयचोरी ठरते आणि चौकशी बसते. 'माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही. पहिला निबंध देण्याआधी ग्रंथालयात संदर्भलेखनाचं प्रशिक्षण असेल तर त्याला बसा. दोन तासांचं काम असतं.

भाषा आपोआप येत नाही

'तिकडे राहिलं की भाषा येतेच' यावर सगळ्यांचा विश्वास असतो. २००४ मध्ये बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे तीन गट तपासले. एक गट आपल्याच विद्यापीठात नेहमीच्या वर्गात शिकणारा, दुसरा फ्रान्सला गेलेला, तिसरा आपल्याच देशात राहून फक्त फ्रेंचच बोलायचं असा नियम असलेल्या निवासी शिबिरातला. बोलण्याच्या ओघात सर्वाधिक प्रगती झाली तिसऱ्या गटाची, फ्रान्सला गेलेल्यांची नव्हे. कारण शोधलं तर ते तासांत सापडलं. शिबिरातली मुलं आठवड्याला कितीतरी जास्त तास फ्रेंच वापरत होती. फ्रान्सला गेलेली मुलं वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होती.

म्हणजे भाषा पत्त्याने येत नाही, वापराने येते. परदेशात वापराच्या संधी ढिगाने असतात, पण त्या टाळण्याच्या सोयीही तितक्याच. विनिमय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात चार देशांची मुलं एकत्र स्वयंपाक करतात आणि आपसात इंग्रजीत बोलतात. संध्याकाळ झकास जाते, पण स्थानिक भाषेचा एक शब्द वाढत नाही. म्हणून राहण्याची जागा हा भाषेच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा निर्णय. स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर सामाईक सदनिका किंवा एखादं कुटुंब, दोन्ही चालतील. त्याखालोखाल दर आठवड्याला ठरलेली एखादी गोष्ट, जिथे स्थानिक भाषेशिवाय भागणार नाही: गायनवृंद, खेळाचा संघ, स्वयंसेवी काम. गायनवृंदाची शिफारस भाषाशिक्षक उगाच करत नाहीत. उच्चार सुधारतात, आणि संभाषणाचं दडपण नसतं.

कोणती पातळी असताना जावं? युरोपातल्या ए-१ (नवशिके) ते सी-२ (पूर्ण प्रभुत्व) या भाषेच्या मापावर व्याख्यान समजायला आणि निबंध लिहायला बी-२ लागते, आणि बरीच विद्यापीठं तीच मागतात. इंग्रजीतले विषय घेणार असाल तरी स्थानिक भाषेची ए-२ गाठून जा. घरमालकाची चिठ्ठी, दवाखान्यातला अर्ज, बँकेचा फोन एवढं निभावतं, आणि मुख्य म्हणजे पहिलं वाक्य बोलायची भीती गेलेली असते. काय वाढेल याचीही रास्त अपेक्षा ठेवा. ओघ, वेग, प्रसंग पाहून बोलण्याची समज या गोष्टी परदेशात भराभर सुधारतात. व्याकरणाच्या अचूकतेसाठी मात्र वर्ग आणि वहीला पर्याय नाही.

माणूस बदलतो म्हणजे काय होतं

हा भाग ऐकायला सगळ्यात हवेतला, पण यावर बऱ्यापैकी काम झालेलं आहे. कार्ल डुंकरचं मेणबत्तीचं कोडं मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. एक मेणबत्ती, एक काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं देतात. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं: टाचण्या ओतायच्या, रिकामं खोकं भिंतीला टाचायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. खोकं म्हणजे फक्त टाचण्या ठेवायची वस्तू, हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं, म्हणून ते सुचत नाही. विल्यम मॅडक्स आणि अॅडम गॅलिन्स्की यांनी २००९ मध्ये दाखवलं की परदेशात राहिलेल्यांना हे कोडं सुटण्याची शक्यता जास्त. परदेशी नुसत्या सहली केलेल्यांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही.

२०१८ मध्ये हायो अॅडम आणि गॅलिन्स्की यांच्यासह काही संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. परदेशात राहून आल्यावर 'मी कोण, मला काय पटतं' हे अधिक स्पष्ट होतं. तो परिणाम किती देश पाहिले यावर अवलंबून नव्हता, किती काळ राहिलात यावर होता. यातून सरळ व्यवहारी निष्कर्ष निघतो. दर शनिवार-रविवारी नवं शहर गाठण्यापेक्षा त्याच गावात राहून तिथल्या चार माणसांशी ओळख वाढवणं जास्त कामाचं. प्रवास करू नये असं नव्हे, पण सोळा आठवड्यांत चौदा शहरं झाली असतील तर हिशेब कुठेतरी चुकला.

'परदेशात शिकलेल्यांना चांगल्या नोकऱ्या मिळतात' छापाची आकडेवारी वाचताना एक शंका नेहमी मनात ठेवा: जाणारे मुळातच वेगळे नव्हते कशावरून? २०१३ मध्ये यूलिया झिमरमन आणि फ्रान्झ नायर यांनी जर्मन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ५२७ जाणारे, ६०७ न जाणारे. जाणारे निघण्याआधीच जरा जास्त मोकळे आणि मिसळणारे होते. तरीही दोन्ही गटांची पुढची वाटचाल तपासली तेव्हा, जाऊन आलेल्यांमध्ये नव्याचं स्वागत करण्याची वृत्ती आणि समजूतदारपणा अधिक वाढला, मानसिक अस्थिरता कमी झाली. या बदलाचा मोठा भाग त्यांनी तिथे जोडलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नात्यांतून आला होता. पुन्हा तेच. बदल माणसांमुळे होतो, आणि माणसं जोडायला वेळ लागतो.

नोकरीबाबतही सावधपणे केलेला एक अभ्यास आहे. मथायस पॅरी आणि फाबियान वाल्डिंगर यांनी २०११ मध्ये जर्मन पदवीधरांची माहिती घेतली. कोणत्या विभागात एरास्मसच्या किती जागा होत्या हे विद्यार्थ्याच्या स्वभावावर अवलंबून नसतं, या गोष्टीचा त्यांनी उपयोग करून घेतला. निष्कर्ष असा की परदेशात शिकल्याने पुढे परदेशात नोकरी करण्याची शक्यता सुमारे १५ टक्केबिंदूंनी वाढते. हा आकडा पगाराचा नाही, वाटा उघडण्याचा आहे. दुसऱ्या देशात काम करायचंच नसेल तर या फायद्याचं वजन तुमच्यापुरतं कमी, हेही प्रामाणिकपणे मान्य करावं.

बायोडेटात नुसतं 'एक सत्र परदेशात' लिहून काही होत नाही. 'तीन देशांच्या पाच जणांच्या गटात अमुक प्रकल्प, गटाची भाषा ही, माझ्याकडे हे काम, सादरीकरण तमुक भाषेत' असं लिहिलं की मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी सापडतं.

कागद, कॅलेंडर आणि वाईट आठवडे

शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सत्र चार-पाच महिन्यांचं, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा, आणि त्याला वेळ लागतो. पोचल्यावर कागदांची साखळी सुरू होते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, आणि त्या नोंदणीवाचून पुढची बरीच कामं अडतात. पहिली कडी घर. म्हणून 'गेल्यावर बघू' हे घराच्या बाबतीत चालत नाही. आणि जागा न दाखवता आगाऊ रक्कम मागणारा 'मालक' हा सहसा मालक नसतो.

कॅलेंडर आधी शेजारी शेजारी ठेवून पाहा. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, परीक्षा त्यानंतर. तुमच्याकडचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर दोन महिने एकमेकांवर येतात. ऑस्ट्रेलियात पहिलं सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये. पैशांबाबत एवढंच: शिष्यवृत्ती बहुधा हप्त्यांनी येते आणि पहिला हप्ता उशिरा. उलट घराची अनामत, विमा, तिकीट हे सगळं आधीच भरायचं असतं. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

मन कधी खचतं याबद्दल जुनं चित्र इंग्रजी 'यू' अक्षरासारखं होतं. नॉर्वेच्या स्वेर्रे लिसगॉर यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांवरून ते मांडलं: सुरुवात उत्साहाची, मध्ये घसरण, मग सावरणं. नंतर कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना ठरावीक काळाने तपासलं, तेव्हा सगळ्यात कठीण काळ आगमनाचाच निघाला. सगळं नवं आणि आधार सगळ्यात कमी, असे तेच दिवस. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस पोचावं, ओळखसत्रं कंटाळवाणी वाटली तरी चुकवू नयेत, आणि पहिल्या महिन्यात 'परत जातो' हा निर्णय घेऊ नये. महिना उलटूनही झोप-जेवण ताळ्यावर नसेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. विनिमय विद्यार्थ्यांनाही ही सोय सहसा मोफत असते.

निघण्याच्या आठवड्यात

शेवटच्या आठवड्यात सगळे निरोपाच्या जेवणांत असतात, आणि नेमकी तेव्हाच तीन कामं राहतात. ग्रंथालयाची पुस्तकं परत करून थकबाकी शून्य झाल्याची खात्री करा, कारण छोट्याशा दंडापायी गुणपत्रक अडवून ठेवणारी विद्यापीठं आहेत. मुक्कामाचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर आल्या-गेल्याच्या तारखा हव्यात. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता बरेचदा याच कागदावर सुटतो. नोंदणी कार्यालयात जाऊन सगळे विषय आणि त्यांचे क्रेडिट तुमच्या नावावर चढलेत का, नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का, हे पडद्यावर स्वतः पाहा. मायदेशातून ई-मेलने हेच करायला महिने लागतात.

एरास्मसमध्ये निकाल लागल्यापासून साधारण पाच आठवड्यांत गुणपत्रक पाठवावं असा संकेत आहे. इतरत्र त्याहून वेळ लागू शकतो. गुणपत्रक तयार झाल्याची सूचना बहुधा यजमान विद्यापीठाने दिलेल्या ई-मेल पत्त्यावर येते, आणि सत्र संपल्यावर तो पत्ता काही काळाने बंद होतो. तेव्हा विमानतळावर निघण्याआधी त्या पत्त्यावरची पत्रं आपल्या नेहमीच्या पत्त्यावर वळवून ठेवा.